दुसऱ्या हॉर्नचे अकरा खण

रोझिना हुर्काच्या पत्राला मी नऊ वर्षं उत्तर दिलं नाही. पत्र चार ओळींचं होतं. "मास्तर, ती रचना माझ्या भावाची आहे. तिची नक्कल तुम्ही केली होती. ती कोणाची, हे सांगू शकेल असं दुसरं कोणी आता उरलेलं नाही. तेवढं लिहून कळवा." खाली सही, त्रेबिच गावाचं नाव आणि १८१७ सालची तारीख. मी ते वाचलं, घडी घातली आणि शाळेच्या हजेरीपटात ठेवलं. उद्या लिहू म्हटलं. पहिली दोन-तीन वर्षं हजेरीपट उघडताना लाज वाटायची. पुढे तीही वाटेनाशी झाली. पानं चाळताना बोटाला एक जाड कागद लागतो, एवढंच उरलं.

तरुणपणी मी काउंटच्या महालात नकलनवीस होतो. संगीतप्रमुख आन्सेल्म रीडिंगर जे लिहीत, त्याच्या प्रत्येक वाद्यासाठी वेगळ्या प्रती काढायच्या, हे माझं काम. महालातला प्रत्येक वादक दुसरंही काही असायचा. ओबो वाजवणारा न्हावी होता, बसून नावाचं लांब फुंकवाद्य वाजवणारा दारूच्या तळघराचा राखणदार. नोकर ठेवताना कारभारी आधी वाद्य विचारायचा आणि मग काम. व्हित हुर्का दोन हॉर्नपैकी, म्हणजे पितळी शिंगांपैकी, दुसरा हॉर्न वाजवायचा आणि भट्ट्या पेटत्या ठेवायचा. महालातल्या, ऊब देणाऱ्या उंच भट्ट्यांची तोंडं खोल्यांत नव्हती, भिंतीमागच्या अरुंद बोळात होती. सरपण घालणारा माणूस पाहुण्यांना दिसू नये म्हणून. व्हित हिवाळाभर त्या बोळात असायचा, सदरा काढून, घामाने निथळत. भिंतीपलीकडे आमची तालीम चाले ती त्याला तिथून ऐकू येई.

त्या बोळातच गुडघ्यावर कागद ठेवून त्याने सहा फुंकवाद्यांसाठी एक संथ रचना लिहिली. मला दाखवली तेव्हा म्हणाला, "वाव्रा, हसू नकोस हं. हसलास तर भट्टीत घालीन."

"कोणाला? मला?"

"कागद रे. तू मावणार नाहीस."

मी हसलो नाही. प्रती काढून दिल्या. वर नाव घालू का विचारलं तर म्हणाला, "आधी वाजू तर दे." रीडिंगर साहेब गुडघ्याच्या दुखण्याने अंथरुणावर असताना एकदा काउंटच्या जेवणाच्या वेळी आम्ही ती वाजवली. कोणाची म्हणून कोणी विचारलं नाही. जेवताना कोणी विचारत नसे. वसंतात व्हितच्या छातीचं दुखणं बळावलं आणि तो गेला. सव्वीस वर्षांचा होता.

त्याच्या प्रती सुट्या पडल्या होत्या. वेष्टनासाठी कोरा जाड कागद कारभाऱ्याकडे मागावा लागे आणि मला मागायला संकोच वाटे. म्हणून एका जुन्या, रद्द झालेल्या रचनेचं वेष्टन मी त्यांना गुंडाळलं. त्यावर रीडिंगर साहेबांचं नाव त्यांच्याच अक्षरात होतं. आम्ही सगळेच नकलनवीस असं करायचो. आतलं बाहेरचं आमच्या डोक्यात पक्कं असे, त्यामुळे चुकत नसे. पुढे कधीतरी बदलू, असं ठरवलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात काउंट व्हिएन्नाला गेले, बरोबर आम्ही आणि संगीताच्या कागदांची पेटीही गेली. पेटीतून कोणीतरी ती जुडी काढली आणि वाजवली. लोकांनी पुन्हा वाजवायला लावली. मग पुन्हा. काउंटने रीडिंगर साहेबांना टेबलाजवळ बोलावलं. त्यांनी प्रती हातात घेतल्या, वेष्टनावरचं स्वतःचं अक्षर पाहिलं आणि माझ्याकडे वळले.

"चांगलं आहे. हे मी कधी केलं रे?"

त्यांनी सहाशेच्या वर रचना लिहिल्या होत्या. ते लबाड नव्हते, त्यांना खरोखर आठवत नव्हतं. काउंट माझ्याकडे बघत होते, टेबलावरचे सगळे बघत होते. आयुष्यात एवढ्या माणसांनी एका वेळी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

"मोठ्या गारठ्याच्या वर्षी, साहेब," मी म्हणालो.

"तरीच!" साहेब म्हणाले. "त्या वर्षी मला माझी बायकोही आठवत नव्हती."

सगळे हसले. काम संपलं. दुसऱ्या दिवसापासून लोक त्या रचनेला 'गारठ्याचं अदाजिओ' म्हणू लागले. अदाजिओ म्हणजे नुसतं संथ. गारठा मी घातलेला.

यंदा, १८२६ सालच्या फेब्रुवारीत, इस्टरआधीचे उपवास नुकतेच सुरू झाले होते तेव्हा व्हिएन्नाहून डोब्लर नावाचे गृहस्थ माझ्याकडे आले. एका प्रकाशकाकडे ते काम करतात. मी आता इथल्या शाळेत मास्तर आहे, चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो. माझी बायको वारल्यापासून तिची धाकटी बहीण अपोलेना माझं घर बघते. तिने पाहुण्यापुढे जवाचं सूप आणि काळा पाव ठेवला.

"उपवास आहेत," ती म्हणाली. "मांस मिळणार नाही. व्हिएन्नात मिळत असेल."

"व्हिएन्नातही नाही, बाई."

"मग बरं. तिकडे देव वेगळा आहे असं ऐकलं होतं."

डोब्लर हसले आणि त्यांनी पिशवीतून कागद काढला. दिवंगत रीडिंगर यांच्या सर्वांत गाजलेल्या दहा रचना एका ग्रंथात छापायच्या होत्या. कुठल्या दहा, कुठल्या क्रमाने, हे साहेबांच्या नकलनविसाने सांगावं अशी त्यांची इच्छा होती. मी सांगत गेलो, ते लिहीत गेले. शिकारीची सिंफनी. घंटांची मास-प्रार्थना. राजकन्येच्या लग्नातलं चौकडीवाद्यांचं संगीत. मला सगळ्यांचे आरंभ आठवत होते, कोणत्या पानावर शाई सांडली होती तेही.

"पहिलं अर्थात अदाजिओ," डोब्लर म्हणाले. "त्यावाचून ग्रंथ कोण घेईल? मास्तर, मधली ती जागा! दुसरा हॉर्न अकरा खण गप्प राहतो. आमच्याकडे एका विद्वानाने त्यावर सबंध निबंध लिहिलाय. नदी गोठते ती जागा, म्हणतो."

पाच रेघांवर उभ्या दांड्या मारून जे खण पाडतात, त्यांतले ते अकरा खण मी स्वतः कोरे सोडले होते. व्हितने सांगितलं होतं तसे. तेवढ्या वेळात तो मागच्या दाराने बोळात जाऊन जेवणघराच्या भट्टीत दोन ओंडके टाकून परत यायचा. आम्ही तालमीत मोजून पाहिलं होतं. नऊ खणांत तो धापा टाकत यायचा, मग फुंक लागत नसे. म्हणून त्याने अकरा केले.

हे मी डोब्लरना सांगितलं नाही. "हो," म्हणालो, "तिथे तो गप्प राहतो."

मग त्यांनी दुसरा कागद काढला. "एक छोटीशी कटकट आहे. त्रेबिचला एक म्हातारी आहे. ती दर शरदात आम्हाला पत्र पाठवते की अदाजिओ तिच्या भावाचं आहे. भाऊ कोण, तर सरपणवाला!" त्यांनी मान हलवली. "गेल्या वर्षी तिने तिथल्या पाद्र्याकडे हट्ट धरला की भावाच्या श्राद्धाच्या प्रार्थनेत ते वाजवा आणि त्याचं नाव घ्या. पाद्र्याने आम्हाला विचारलं. आता आमचं उत्तर गेलं की तो तिला समज देईल. डोकं फिरलेल्या बाईला चर्चच्या गायकवृंदात किती दिवस ठेवायचं, असंही त्याने लिहिलंय. तुमची सही असली की विषय संपला."

कागदावर लिहिलं होतं की ही रचना आन्सेल्म रीडिंगर यांचीच आहे आणि मी ती त्यांच्या हस्ताक्षरावरून उतरवली. अक्षर सुरेख होतं. मी अक्षराकडेच बघत होतो. लेखणी बुडवून त्यांनी माझ्या हातात दिली. सही झाली. तीस वर्षं हजेरीपटावर होते तशी झाली. मला काही वाटलं नाही. बोटं गार होती, तेवढं जाणवलं.

डोब्लर दुसऱ्या दिवशीच्या टपालगाडीने निघणार होते, तोवर खाणावळीत उतरले होते. ते गेल्यावर अपोलेनाने वाटी उचलली आणि तिथेच उभी राहिली.

"सरपणवाला म्हणजे आपल्या महालातला व्हित का, भावोजी? खोकायचा तो? माझी आई त्याचे सदरे धुवायची."

"हो."

"आणि त्याने लिहिलं होतं ते?"

"हो."

"मग सही कशाची केलीत?"

"लेखणी हातात दिली त्यांनी."

"उद्या कोणी सुरी देईल हातात!" तिने वाटी आपटली. "म्हणजे तिकडे त्या बाईला वेडी ठरवणार, चर्चमधून उठवणार, आणि इकडे तुम्ही सूप पिणार. अजून आणू का सूप?"

"नको."

"नकोच. मी देणारही नव्हते."

ती आत गेली आणि भांडी घासू लागली. गरजेपेक्षा जास्त वेळ घासत होती. मी बसून राहिलो. खिडकीतून माशांचं तळं दिसत होतं. बर्फ कापणारी माणसं लांब करवती घेऊन निघाली होती. मी रडेन असं मला वाटलं, थोडी वाटही पाहिली. रडू आलं नाही. मग मनात आलं की काही वाटण्याची वाट बघत बसलो तर हे कधीच व्हायचं नाही. लिहायला वाटावं लागत नाही. मी आयुष्यभर दुसऱ्यांचं लिहिलं, काही न वाटता, आणि बहुतेक बरोबर लिहिलं.

कागद घेतला. तीन मसुदे फाडले. पहिल्यात मी फार क्षमा मागत होतो. दुसऱ्यात वेष्टनाची चूक इतकी सविस्तर होती की कोणालाही वाटावं, सगळा दोष वेष्टनाचाच. तिसऱ्यात मी स्वतःला एवढं वाईट म्हटलं होतं की वाचणाऱ्याने माझी समजूत घालावी. चौथा असा झाला:

"बाई, सहा फुंकवाद्यांचं अदाजिओ तुमचा भाऊ व्हित हुर्का याने १७८८ सालच्या जानेवारीत लिहिलं. मी त्याच्या हस्ताक्षरावरून प्रती काढल्या. चुकीच्या वेष्टनात मी घातल्या. रीडिंगर साहेबांनी मला विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. त्यांना ठाऊक नव्हतं. दुसऱ्या हॉर्नचे अकरा खण कोरे आहेत, कारण त्या वेळात व्हित जेवणघराच्या भट्टीत सरपण घालून येत असे. हे शोधून काढणं कोणाला शक्य नाही, मला ठाऊक आहे, कारण मी त्या वेळी दुसऱ्या ओबोशेजारी पानं उलटायला बसत होतो. ९ फेब्रुवारीला मी याच्या उलट एका कागदावर सही केली आहे. तो कागद तुमच्या पाद्र्याकडे येईल. तोही माझाच आहे आणि तो खोटा आहे. हे पत्र त्याच्या नंतर लिहिलं आहे. दोन्ही शेजारी ठेवून दाखवावेत. तुम्ही लिहिलेलं खरं आहे. तुम्हाला नऊ वर्षं उत्तर दिलं नाही. त्याला कारण नाही."

आणखी एक प्रत प्रकाशकासाठी काढली. अपोलेनाला दोन्ही वाचून दाखवल्या. ती एप्रनला हात पुसत ऐकत होती.

"'त्याला कारण नाही' हे काढा," ती म्हणाली. "कारण आहे. तुम्ही भित्रे आहात."

मी खोडून तसं लिहिलं. दोन्ही प्रतींत.

"आणि साक्षीदार? एकट्या म्हाताऱ्याचं कोण ऐकतं? म्हणतील, आज हे लिहिलंय, उद्या तिसरं लिहील."

"तू करशील?"

तिला लिहिता येत नाही. तिने लेखणी मुठीत धरून माझ्या सहीखाली तीन फुल्या काढल्या, जीभ दातांत धरून, फार हळू. मी शेजारी तिचं नाव लिहिलं. दुसऱ्या प्रतीवर तिच्या फुल्या जरा बऱ्या आल्या आणि तिने पहिलीवर पुन्हा काढू द्या म्हणून हट्ट धरला. मी नाही म्हणालो. या सबंध दिवसात मी नाही म्हटलं ते एवढंच.

सकाळी टपालघरापुढे गाडी जोडलेली होती. डोब्लर आत बसले होते, मांडीवर पिशवी. मला पाहून त्यांनी टोपी उचलली. "निरोप द्यायला आलात, मास्तर? एवढ्या थंडीत!"

"टपालाला आलो," मी म्हणालो. मग खिडकीशी गेलो. "साहेब, हे तुमच्या मालकांना. काल सही केली ते खरं नाही. तो कागद वापरू नका."

त्यांनी पाकीट उघडून तिथेच वाचलं. तोंडातून निघणारी वाफ थांबली. "मास्तर, याने काय होईल कळतंय का तुम्हाला? ग्रंथाचं पहिलंच पान..."

"हो."

"छापलं जाईल याची मी खात्री देत नाही."

"नका देऊ. दुसरी प्रत त्रेबिचला जातेय."

ते आणखी काही बोलत होते. मी खिडकीपासून बाजूला झालो. टपालमास्तर उंबऱ्यात उभा होता. पत्ता वाचून म्हणाला, "कुमारी रोझिना हुर्का? अहो मास्तर, या वयात? अपोलेनाबाईंना माहीत आहे का?"

"तिच्याच फुल्या आहेत आत," मी म्हणालो.

त्याला काही कळलं नाही. त्याने लाखेवर शिक्का दाबला, पत्र थैलीत टाकलं आणि थैलीचं तोंड बांधलं.