सतराव्या पानावरची गाठ

अक्षय्य तृतीयेला मधुकररावांनी त्रेचाळीस पानांचा प्लॅन लाल फडक्यात बांधला. लक्ष्मीच्या फोटोखाली ठेवून त्यावर हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि रुचिकाला म्हणाले, "आता यातला कानामात्रा हालणार नाई, बेटा. दसऱ्याले कॉम्प्युटर गेटवर बसला पाह्यजे."

साल २००४. सिंदी रेल्वे या गावी मधुकररावांचं जिनिंग होतं, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. गेटवर गाड्यांचा काटा होता. काट्याच्या खिडकीत प्रमिलाबाई एकोणीस वर्षं बसत होत्या. गाडी कोणाची, वजन किती, कापूस कोणत्या गंजीत टाकायचा, हे कार्बन लावून काटापट्टीवर लिहायचं. ते सगळं आता कॉम्प्युटरवर यायचं होतं. प्रोग्रॅम करायचं काम रुचिकाकडे आलं. पुण्याची नोकरी सोडून ती दुसऱ्या सिंदीला, सिंदी मेघेला, घरी परतली होती आणि रोज सकाळच्या पॅसेंजरनं येत होती.

पुण्याच्या कंपनीत तिची रीत वेगळी होती. काम तुकड्यानं करायचं, दर पंधरा दिवसांनी वापरणाऱ्याच्या हाती द्यायचं, तो नाक मुरडेल तिथं बदलायचं. त्याला तिथं अजाइल म्हणायचे. इथं तिनं पहिला तुकडा तयार केला आणि मधुकररावांना बोलवायला गेली.

"अर्धा शिजलेला भात कोणी पाव्हण्याले वाढते का?" ते हसले.

"शिजला का नाई ते पाहाले एक शीत तर दाबा लागते ना, काकाजी."

"माह्या बापानं या जिनिंगची शेड बिन-नकाशाची उभी केली. तीनदा पाडली. तिसऱ्यांदा मी विटा वाहल्या, दहा वर्षाचा होतो." त्यांनी चष्मा पुसला. "म्हणून सांगतो. आधी कागद, मंग काम. मधात लुडबुड नाई."

रुचिकानं वाद सोडला. ती तुकडा घेऊन खिडकीत गेली.

प्रमिलाबाईंनी माऊसला आधी पदरानं पुसलं, मग हात लावला. हंगाम संपलेला, गेट ओसाड, नावं सगळी खोटी. तरी त्या कॉम्प्युटरवर गाड्या चढवत बसत. जिथं अडलं तिथं पदराला एक गाठ मारत.

"ह्या गाठी कायच्या, काकू?"

"तुह्या चुका आहेत वं. शनिवारी सोडू."

आणि खरंच, दर शनिवारी दोघी गाठी सोडायला बसत. अक्षर बारीक आहे, गाठ सुटली. बाप-लेकाचं नाव एकच असलं तर गाव दिसलं पाहिजे, गाठ सुटली. वीज गेली की लिहिलेलं पुसून जातं. ती गाठ सोडायला दोन शनिवार लागले. जून गेला, जुलै गेला, पदर सुटा होत आला. रुचिकाला वाटे, आपण प्रोग्रॅम लिहीतच नाही, एक जुनं लुगडं उलगडत चाललोय.

प्रमिलाबाईंना मात्र रात्रंदिवस एकच घोर. मधुकररावांनी सांगून ठेवलं होतं: दसऱ्याला पहिली गाडी त्यांनी बिनचूक चढवली तर खुर्ची त्यांची. नाहीतर नागपूरचा शिकलेला ऑपरेटर येईल आणि त्या यार्डात जातील, बायांसोबत कापसातला पालापाचोळा वेचायला.

पोळा झाल्यावर एका दुपारी त्या गुणगुणत होत्या,

बाई एका गं गाडीत, दोन शेताचा कापूस
नको काट्या तू मापूस, एका नावानं

रुचिकाचा हात थांबला. "दोन शेतांचा कापूस? एका गाडीत?"

"साझ्याची गाडी वं! ज्याच्या घरी बैल नाई थो शेजाऱ्याच्या गाडीत भरते. मधात लुगडं अंथरतात. भरली गाडी काट्यावर घ्याची, लुगड्यापावतर खाली कराची, पुन्हा काट्यावर घ्याची, शेवटी रिकामी घ्याची. दोन पट्ट्या. दहातल्या तीन गाड्या तशाच असतात."

रुचिकानं सतरावं पान काढलं. तिथं ठसठशीत छापलं होतं: एक गाडी, एक नाव, भरलेलं वजन, रिकामं वजन. नागपूरच्या सल्लागारानं हा प्लॅन भर उन्हाळ्यात लिहिला होता. यार्डात तेव्हा चिटपाखरू नव्हतं. त्यानं गाडी पाहिलीच नव्हती, तर लुगडं कुठून पाहणार?

प्रमिलाबाईंनी पदराच्या टोकाला घट्ट गाठ मारली.

रुचिका मधुकररावांकडे एकदा गेली, दोनदा गेली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा ते चिडले. "पूजा झाली त्याची! पूजा झालेल्या कागदावर खाडाखोड करत असतात का? आज एक पान बदललं का उद्या त्रेचाळीसही बदलते."

"पान राहू द्या, काकाजी. मी फक्त प्रोग्रॅममधे—"

"नाई म्हणलं ना."

तिनं घरी बसून तो बदल करून ठेवला. सीडी पर्समध्ये घातली. रोज पॅसेंजरनं ती सीडी जिनिंगवर येई आणि रोज पॅसेंजरनं परत जाई.

दसरा आला. गेटला आंब्याचं तोरण, काट्याला झेंडूची माळ. मुहूर्ताची पहिली गाडी समुद्रपूरकडची लागली, प्रेमदासची. रात्रभर चालून आली होती. मधुकररावांनी बैलांना ओवाळलं, प्रेमदासच्या खांद्यावर दुपट्टा टाकला. गाडीच्या मागून त्याची विधवा भावजय धुरपता उतरली. कापसाच्या मधोमध हिरव्या लुगड्याची किनार डोकावत होती.

रुचिकानं ती किनार पाहिली आणि तिचा हात पर्समधल्या सीडीवर गेला.

प्रमिलाबाईंनी प्रेमदासचं नाव चढवलं. गाडी काट्यावर आली, वजन आलं. लुगड्यापर्यंत कापूस उतरला, गाडी पुन्हा काट्यावर आली. कॉम्प्युटरला भरलेली गाडी आणि रिकामी गाडी एवढंच ठाऊक. त्यानं अर्धी गाडी रिकामी धरली आणि पाटी दाखवली: गाडी पूर्ण.

"आता माह्यं टाक, बाई," धुरपता खिडकीशी आली. "धुरपता नाव. वरचं भावजीचं, खालचं माह्यं."

प्रमिलाबाईंनी बटण दाबलं. गाडी पूर्ण. पुन्हा दाबलं. गाडी पूर्ण.

मागून आरोळी आली, "ओ बाई, कॉम्प्युटर आहे का बैल? बसूनच राह्यला!" रांग खदखदून हसली.

रुचिकानं पर्स उघडली. "काकाजी, पाच मिनिटं द्या. तयार आहे माह्याजवळ. फक्त हौ म्हणा."

मधुकररावांनी रांगेकडे पाहिलं, मग आत लक्ष्मीच्या फोटोकडे. हौ म्हणायला तोंड उघडलंसं वाटलं. ते मिटलं. "सगळं एकाच नावानं चढवा. घरचेच तर लोक आहेत."

"घरचेच आहो जी," धुरपता म्हणाली. "पण वावर माह्या नावानं आहे. निंदलं मी, वेचलं मी. मंग कापसालेच नाव काऊन नाई?"

प्रेमदास दुपट्ट्याशी चाळा करत म्हणाला, "वहिनीचं वेगळंच लिहा जी."

प्रमिलाबाईंनी एकदा आपल्या खुर्चीच्या झिजलेल्या हातावर तळवा फिरवला. मग खालचा खण ओढला, जुनं पट्टीबुक काढलं, कार्बन सारखा केला, गाडी रिकामी करून पुन्हा काट्यावर घ्यायला लावली आणि दोन पट्ट्या लिहिल्या. धुरपताच्या नावाखाली त्यांनी तिच्या गावाचं नावही लिहिलं, न विचारता.

"जमलं नाई ना बाईले," मधुकरराव म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि रुचिकाला त्याचाच जास्त राग आला.

सोमवारी नागपूरचा ऑपरेटर आला. त्याच सकाळी रुचिकाला हुकूम झाला की मोठ्या अक्षरात एक सूचना छापून द्यायची. गेटवरच्या कॉम्प्युटरनं पहिला कागद काढला तो हा: 'साझ्याची गाडी घेतली जाणार नाही.'

आठवडाभरात दहातल्या तीन गाड्या कागद वाचून बैल वळवू लागल्या. स्टेशनापलीकडच्या जिनिंगकडे धूळ उडे. मधुकरराव गच्चीवरून ती धूळ मोजत. शुक्रवारी त्यांनी रुचिकाला वर बोलावलं.

"तुह्यं बरोबर होतं, बेटा," ते म्हणाले. "सतरावं पान बदलू."

ती उठलीच. "आत्ता लावते. पाच मिनिटं."

"असं कसं? फडकं असं मधातच सोडत नाई. अक्षय्य तृतीयेले सोडू, नवीन पान टाकू, पूजा करू. मंग लावजो."

ती जिना उतरली. पर्समधली सीडी मांडीला टोचत होती. यार्डात बाया गंजीभोवती गोल बसून पाला वेचत होत्या. प्रमिलाबाईंच्या केसांवर, पापण्यांवर कापसाचे तंतू होते. रुचिका त्यांच्याशेजारी उकिडवी बसली आणि काय ठरलं ते सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं, हातातला पाला फेकला. पदराचं टोक पुढं ओढून गाठ चाचपली. गाठीजवळ कापड विरलं होतं.

"अक्षय्य तृतीया म्हणजे सहा महिने," त्या म्हणाल्या. "तोवर हे लुगडं टिकलं पाह्यजे."