धोट्यातला पिवळा धागा

आंधळगावच्या लक्ष्मणरावांचा उजवा हात मनगटातून लोंबू लागला, तेव्हा घरच्यांनी वयाला बोल लावला. त्यांची मुलगी रक्षा मात्र त्यांच्या हिरड्यांवरची निळसर काळी रेघ पाहून सावध झाली; शिसं अंगात गेलं की अशी रेघ उमटते. ती नागपूरला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होती.

घरात कोसा रेशमाचं विणकाम पिढ्यान्‌पिढ्यांचं. आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली कांडी, म्हणजे धाग्याची गुंडाळी, संपली की माग थांबायचा. नवी कांडी धोट्यात बसवायची, धोटा ओठांना लावायचा आणि श्वास आत ओढून धाग्याचं टोक भोकातून बाहेर काढायचं. जो त्यासाठी तारेचा आकडा वापरे, त्याला सगळे नवशिका म्हणत. वर्षभरापासून एक व्यापारी लग्नसराईच्या पातळांसाठी खळ लावलेला झळझळीत पिवळा धागा आणून देत होता. त्याची भुकटी लक्ष्मणरावांच्या मिशीत बसायची. सून रिताला पाचवा महिना लागला होता. ती सासऱ्यांना चिडवायची, "मामाजी, हळद त लागली, वरात कधी काढता?"

तपासणी होईपर्यंत हा धागा तोंडाला लावू नका, असं रक्षानं धाग्याचा तुकडा घेऊन नागपूरला निघताना बजावलं. बाबा हसले. "तोंडानं नाही ओढला त मंग कायनं ओढू, बाई?"

प्रयोगशाळेत तिनं त्या धाग्याचा तुकडा गरम आम्लात विरघळवला, द्रावण गाळलं आणि त्यात विरल गंधकाम्लाचे थेंब सोडले. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग स्वच्छ, पिवळसर द्रावणात धुकं उतरावं तसा पांढरा साका परीक्षानळीच्या तळाशी बसू लागला. शिसं असलं तरी असाच साका पडतो आणि बेरियम असलं तरी असाच. साका होता चिमूटभर. पुढच्या कसोट्यांना तो पुरला नसता. म्हणून तिचे मार्गदर्शक अश्वजित सर यांनी तो वाळवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला.

पडदा आधी काळा होता. मग त्यावर बारीक बारीक कण उजळले, तांदळाच्या कणीसारखे, पण कडा धारदार. मूलद्रव्य जितकं जड, तितकं ते इथं जास्त उजळ दिसतं, हे रक्षाला ठाऊक होतं. हे कण फार उजळ होते. सरांनी एका कणावर किरण स्थिर केला. कणातली मूलद्रव्यं दाखवणाऱ्या बाजूच्या आलेखात बेरियमच्या जागी शिखर उठलं नाही. शिशाच्या जागी उठलं.

"हा धागा कुठला?" सरांनी विचारलं. तिनं घरी फोन लावला.

बाबांनी डाव्या हातानं उचलला असावा; बराच वेळ खडखड झाली.

"बाबा, पिवळं पातळ थांबवा. त्या धाग्यात शिसं आहे. त्यानंच तुमचा हात गेला."

"मी त सकाळपासून बसलोच नाही. धोटाच फेकता येत नाही."

रक्षानं श्वास सोडला. तेवढ्यात तिला फोनमधून आवाज ऐकू आला. खट-खट, खट-खट.

"मग माग कोण चालवून राहिलं, बाबा?"

"रिता बसली. व्यापारी उद्या येऊन राहिला ना." त्यांच्या आवाजात कौतुक होतं. "लवकर शिकली पोरगी. आकडा नाही लागत आता तिले."

"बाबा, तिला उठवा. आधी तिला उठवा."

काय झालं ते बाबांना पुरतं कळलं नाही, पण ते उठले. फरशीवर त्यांची चप्पल घासत निघाली. पडवीतून मागघरापर्यंतचं अंतर रक्षाला डोळे मिटूनही दिसत होतं.

मध्येच माग थांबला. कांडी संपली होती.

चप्पल घासतच होती. बाबा दारापर्यंत पोचायच्या आत माग पुन्हा सुरू झाला.