पाटी मध्येच का तुटायची

दर गुरुवारी अंजनगाव सुर्जीत विपुलमहाराजांच्या गाळ्यापुढे जेवढी गर्दी लोटायची, तेवढी आठवडी बाजारातही नसायची. महाराजांची काचेची पाटी बोलायची. मुलीचं लग्न कधी जमेल, पोरगं बारावीला पास होईल का, काहीही विचारा, पाटी गोड बाईच्या आवाजात शुद्ध मराठीत उत्तर द्यायची. याच गाळ्यात पूर्वी विपुल मोबाइल दुरुस्त करायचा आणि त्यानं अर्ध्या गावाचे फोन कायमचे बिघडवले होते. पण माणसानं कफनी घातली की गावाची आठवण जाते. पाटी म्हणजे चॅटबॉट घातलेला साधा टॅबलेट होता; गर्दीतल्या निम्म्यांच्या खिशातल्या फोनमध्ये तोच चॅटबॉट फुकट पडलेला होता, तरी सगळे टॅबलेटपुढे नाक घासत होते.

"कलियुगात देवानं दगडाचं आसन सोडलं अन् काचेचं घेतलं," महाराज सांगत, आणि म्हातारी माणसं गहिवरून माना डोलावत.

रागिणी सर्वांत मागे, चपलांजवळ बसायची. तिला तिथंच बसायचा हुकूम होता. तिच्या सासूच्या, लीलाबाईच्या छातीत पोळ्याच्या सुमारास गाठ आली होती. लाजेपायी लीलाबाईनं ती आधी फक्त सुनेला सांगितली. अकोल्याला डॉक्टरकडे जाऊ, असं रागिणी म्हणाली. लीलाबाई डॉक्टरपुढे जायला लाजली आणि पाटीपुढे गेली. "ही गाठ गंभीर असू शकते. लवकरात लवकर..." एवढं बोलून पाटी थांबली. काचेवर अक्षरं आली, 'जोडणी तुटली. पुन्हा प्रयत्न करा.'

महाराजांनी झोळीत हात घालून जप केला आणि डोळे वटारले. "वाणी विटाळली. तुमच्या घरात अवलक्षणी सून हाये. तिच्या सावलीनं देव मुका झाला."

त्या दिवसापासून रागिणीचं ताट वेगळं झालं आणि अंथरूण गोठ्यात गेलं. ते अंथरूण तिच्या नवऱ्यानं, गोपालनं, स्वतः उचलून नेलं. थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे, असं तो बैलाकडे पाहत म्हणाला. इकडे लीलाबाई महाराजांकडून विकत घेतलेला अंगारा गाठीला चोळत राहिली आणि गाठ वाढत राहिली.

चपलांजवळ बसून माणसाला पुष्कळ दिसतं. लग्नाचं विचारलं की पाटी भरभरून बोलते आणि आजाराचं विचारलं की हटकून 'लवकरात लवकर' या शब्दांवर तुटते, हे रागिणीच्या ध्यानात आलं. तोच प्रश्न तिनं गोठ्यात बसून आपल्या फोनवर विचारला. उत्तर पुरं आलं. म्हणजे चॅटबॉट बंद नव्हता, खोट इथल्या जोडणीत होती. पुढच्या गुरुवारी तिनं फोनमध्ये आसपासच्या वाय-फायची नावं उघडली. 'गुरुकृपा' नावाचं एक होतं. महाराजांचा हात झोळीत गेला की ते नाव गायब व्हायचं आणि हात बाहेर आला की परतायचं. देव बिचारा महाराजांच्या हॉटस्पॉटवर जगत होता.

तिनं गोपालला सांगून पाहिलं. "चूप बस," तो म्हणाला, "महाराजाच्या कानावर गेलं तं घराचं वाटोळं होईन."

संक्रांत झाल्यावर महाराजांनी फर्मान काढलं. सुनेनं भर दरबारात पाटी पदरात घ्यावी, वाकून माफी मागावी, मगच वाणी मोकळी होईल. रागिणी पुढे आली तेव्हा बायकांनी आपापली लुगडी आवरून घेतली. तिनं पदरात पाटी घेतली आणि कपाळ गुडघ्याला टेकेपर्यंत वाकली. तिची पाठ हलताना पाहून पोरगी रडते आहे, अशी सगळ्यांची खात्री पटली, आणि बऱ्याच जणींना बरंही वाटलं. पदराखाली ती पाटी आपल्या फोनच्या नेटला जोडत होती.

मान वर न करता तिनं विचारलं, "माह्या सासूच्या छातीत पोळ्यापासून गाठ हाये अन् ती वाढून राहिली. काय करू?"

महाराजांचा हात झोळीत गेला. पाटी बोलली, "ही गाठ गंभीर असू शकते. लवकरात लवकर डॉक्टरांना दाखवा. तपासणीशिवाय ती कशाची आहे हे सांगता येणार नाही. घरगुती उपायांत वेळ घालवू नका."

झोळीतला हात कासावीस झाला. रागिणीनं उठून तो मनगटाला धरून बाहेर ओढला. हातात फोन होता.

"हे बंद केलं की देव मुका होते," ती म्हणाली. "आज पाटीले माह्या फोनचं नेट हाये. म्हणून पुरी बोलली."

पुढच्या रांगेतून म्हातारी पार्बताबाई भिंत धरून उठली. "माह्या मालकाच्या छातीत कळा येत होत्या, तवाबी पाटी 'लवकरात लवकर' म्हणून इथंच थांबली होती," ती म्हणाली. "मी त्याईले घरी घेऊन गेली. त्याच राती ते गेले."

गर्दी विपुलवर धावून गेली. पोलीस येईपर्यंत विपुल मोरीत दडून बसला. तो हाती लागेना, म्हणून गर्दीनं पाटी फोडली. खरं बोलणारी तेवढी एकच वस्तू त्या दरबारात होती.

अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासून गोपालला बाजूला घेतलं. गाठ काखेपर्यंत गेली होती. इतके दिवस कुठं होता, एवढंच त्यांनी विचारलं. लीलाबाईनं सुनेचा हात धरला. "तू पयल्याच दिवशी म्हटलं होतं," ती म्हणाली. रागिणीला राग आला आणि रडूही आलं. होईल ठीक, असं काही ती बोलली नाही.

पाटी देव नव्हती. माणसांनी केलेलं यंत्र होतं, चुकूही शकणारं, आणि स्वतःला कळत नाही तिथं ते डॉक्टरकडे बोट दाखवत होतं. बाबांनो, बोलणारा मध्येच गप्प झाला तर कोणाची सावली पडली ते शोधू नका. आधी कोणाचा हात झोळीत आहे, ते पाहा.