फळ्याची जागा

फळा नारिन शहरातून खेचरावर आला. बाकं गावच्या सुताराने केली. दाराला अजून फळी नव्हती, लोकरीचा जाड नमदाच पडद्यासारखा लटकत होता.

नव्या हायस्कुलात फळा दारासमोरच्या भिंतीवर लागला. पण घरच्या तंबूत दारासमोरची बाजू वडीलधाऱ्यांची, मुलींनी तिथे बसायचं नाही, म्हणून सायकाल सवयीने दाराशी बसली. तिथून तिला अक्षरं दिसेनात.

"पुढे ये गं," तोक्तोन मास्तर म्हणाले.

"तिथे बसले तर आजोबा उद्यापासून शाळा सोडवून मेंढ्यांमागे धाडतील, मास्तर."

"मेंढ्या तरी हिला जवळून दिसतील," कुणीतरी खिदळलं.

मास्तरांनी फळा काढला आणि दारालगतच्या भिंतीला टेकवला. सगळ्यांना बाकं फिरवावी लागली. सायकाल आता सगळ्यांच्या पुढे होती, आणि दाराशीच होती.

दाराचा तो नमदा सायकालच्या आजोबांनीच आपल्या तंबूचा काढून शाळेला दिला होता.