माझ्यावर पाय ठेवा

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. पण जुना आहे म्हणून मी रडगाणे गाईन असे समजू नका. इतर वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा, आम्हाला तुडवू नका. माझे सांगणे नेमके उलटे आहे.

मी छापखान्यात जन्मलो नाही. मूळचा मी शाळेच्या सभागृहातला पडदा. उन्हाने विटलो तेव्हा तिसरीच्या बाईंनी मला मागून घेतले आणि वर्गाच्या फरशीवर पसरले. "यावर आपला परिसर काढायचा," त्या मुलांना म्हणाल्या. "पण जे स्वतः जाऊन पाहिलं तेवढंच. ऐकीव काही चालणार नाही."

मग रोज थोडी मुले बाहेर जात, पाहून येत, गुडघे टेकून माझ्यावर रंगवत. पूल कुठे, दवाखाना कुठे यावरून कडाक्याची भांडणे होत. बाई कुणाचीच बाजू घेत नसत. म्हणत, "भांडता कशाला? चला, बघून येऊ."

शिंपीकाकांनी माझ्या कडा शिवून दिल्या आणि हळूच म्हणाले, "पोरांनो, माझं दुकान जरा मोठं काढा रे."

"नाही काका," मुलांनी ठणकावले, "आहे तेवढंच येणार!"

"मग शिवण उसवतो!" काका म्हणाले, पण हसत हसत.

माझ्या एका कोपऱ्यात बाण आहे. तो उत्तर दाखवतो. मला वाचण्याची एक रीत होती. सकाळचा सूर्य ज्या खिडकीतून येतो तिच्याकडे तोंड करून मुले उभी राहत आणि डावा हात पसरत. तो हात जिकडे, तिकडे उत्तर. मग चौघे चार टोके धरून मला फिरवत आणि माझा बाण त्या हाताशी जुळवत. तो जुळला की माझ्यावरचा पूल खऱ्या पुलाकडे तोंड करी आणि माझ्यावरची गल्ली खऱ्या गल्लीच्या रेषेत येई. मुले माझ्यावरून चालत शाळेतून घरी जात आणि परत येत. धूळ लागे, रंग खरवडला जाई. मित्रांनो, मी सुखात होतो.

मग नवे मुख्याध्यापक आले. त्यांना सगळे मोठे सर म्हणत. दारातून त्यांनी मुलांना माझ्यावर चालताना पाहिले आणि ते जागीच थबकले.

"अहो बाई, नकाशावर पाय? शोभतं का हे?"

"सर, गल्लीतसुद्धा मुलं पायानंच चालतात."

"गल्ली वेगळी. ही विद्या आहे!"

झाले! शिपाईमामांनी मला धुतले, वरखाली लाकडी पट्ट्या ठोकल्या आणि भिंतीवर उंच टांगले. नव्या वर्षी बाईंना पहिलीचा वर्ग मिळाला. तिसरीत आलेल्या नव्या मुलांना मोठे सर स्वतः शिकवू लागले. पाहुणे आले की ते काठी उचलून माझे कौतुक सांगत. फार चांगला माणूस, पण त्या कौतुकाने माझा जीव घुसमटला. ते शिकवत, "वर उत्तर, खाली दक्षिण." मुले एका सुरात म्हणत, "वर उत्तर, खाली दक्षिण." मी टांगल्या टांगल्या चरफडत होतो. अरे, कशाच्या वर?

एके दिवशी सरांनी तिसरीला पोस्ट ऑफिस पाहायला नेले. मुलांनी पोस्टमनकाकांना विचारायचे प्रश्न तयार केले होते. भिंगरी नावाने ओळखली जाणारी, एका जागी कधी न थांबणारी मुलगी सगळ्यांच्या पुढे होती. फाटकाशी सर म्हणाले, "पोस्ट आपल्या उत्तरेला. आता तुम्हीच वाट काढा."

मुलांनी बेधडक टेकडीचा चढ धरला. सरांना वाटले, पोरांना जवळची वाट माहीत असेल. धापा टाकत सगळे माथ्यावर पोहोचले. तिथे पोस्ट नव्हते, पाण्याची टाकी होती.

"अगं, इथं कुठं आणलंस?"

"सर, उत्तर वर असते ना? याच्या वर आता रस्ताच नाही!"

खाली उतरून पोस्टात जाईपर्यंत पोस्टमनकाका टपाल घेऊन निघून गेले होते. प्रश्न तसेच राहिले. मुले हिरमुसून परतली आणि वर्गात एकच गलका झाला. तो ऐकून बाई शेजारच्या वर्गातून आल्या. त्यांनी इतकेच विचारले, "मुलांनो, उत्तर कुठे?"

सगळी बोटे छताकडे गेली. सरांचा हातही अर्ध्यापर्यंत उचलला गेला होता, तो त्यांनी कान खाजवायला वळवला.

"तुमचं ऐकायला हवं होतं," ते बाईंना म्हणाले. "पण बाई, पाय द्यायचा म्हणजे..."

"नाहीतर पुढच्या वेळी पोरं ढगात जातील, सर."

सर शिपाईमामांना म्हणाले, "काढा खाली." मामा स्टुलावर चढले, खिळा उपटला. पट्ट्या निघाल्या आणि मी फरशीवर अंग पसरले. बाईंनी दाखवले तसे मुलांनी मला फिरवून बाण जुळवला. भिंगरीने पाय उचलला, तेवढ्यात सर ओरडले,

"चपला! निदान चपला तरी काढा गं!"

चला, तेवढे मी त्यांचे ऐकले.

भिंगरी उन्हाच्या खिडकीकडे तोंड करून माझ्यावर उभी राहिली. पोस्ट तिच्या डाव्या हाताला होते, टेकडी पाठीमागे. "म्हणजे टाकी पश्चिमेला!" ती म्हणाली. "पण इथं टाकी नाहीच की! बाई, मी पाहिली आहे. काढू?"

"पाहिलीस ना? मग विचारतेस काय?"

माझ्या पश्चिमेच्या कडेला आता एक निळी टाकी आहे. जरा वाकडी आहे, पण ऐकीव नाही.

तेव्हा मित्रांनो, माझी काळजी घ्यायची असेल तर अशी घ्या. मला झिजवा. जे पाहून याल ते माझ्यावर काढा, चुकलेले खोडा. मी फाटलो तर शिंपीकाका आहेत. पण मला पुन्हा कुणी मानाने भिंतीवर चढवू लागले, तर चौघे चार टोके घट्ट धरा, मुळीच सोडू नका. चपला काढा आणि या, माझ्यावर पाय ठेवा.