चिकटवलेली पानं

माझी दोन पानं एकमेकांना चिकटलेली आहेत. तेवढ्या जागी माझी जाडी केसभर जास्त भरते, आणि ते डोळ्यांआधी बोटाला कळतं. मित्रांनो, मी एक जुनं चित्रकवितांचं पुस्तक आहे. माझ्या पोटात एक चित्र आहे, त्याला कित्येक महिन्यांत उजेड दिसलेला नाही.

छापखान्यातून मी ज्या वाचनालयात आलो, तिथे बालविभागाची पुस्तकं ग्रंथपालबाई निवडत. त्यांची रीत वेगळी होती. शब्दांवर कोरा कागद ठेवून त्या आधी नुसती चित्रं वाचत. मग कागद काढून खोलीभर चालत कविता मोठ्यानं म्हणत. चालता चालता पाय अडखळला, तर कविता नापास. मी दोन्ही परीक्षांत उतरलो, याचा मला फार अभिमान होता.

माझ्यात एका घराची गोष्ट आहे. आई दोरीवर कपडे वाळत घालते, मुलगी चिमटे देते. पुढच्या चित्रात आईचा पलंग रिकामा आहे, आणि खाली दोनच ओळी आहेत:

दोरीवरचा पिवळा झगा
वाऱ्यालाच मिठी मारी.

त्यानंतरच्या चित्रात बाबा कपडे वाळत घालतात. चिमटे मुलगीच देते.

मुलांनी मला खूप वाचलं. माझे कोपरे गोल झाले, पाठीवर दुधाचे डाग पडले. कुणी तक्रार केली नाही. उलट त्या रिकाम्या पलंगापाशी मुलं जरा थांबत आणि मगच पान उलटत.

मग बाईंची धाकटी बहीण वारली. तिची लेक ठकी शाळा सुटल्यावर बाईंकडे वाचनालयात येऊन बसू लागली. ठकीच्या बाबांनी तिला सांगितलं होतं, आई लांबच्या गावी कामाला गेलीय. मोठी झाली की खरं सांगू, असं ते बाईंना म्हणाले, आणि बाईंनी मान डोलावली. त्याच दुपारी त्यांनी माझ्या त्या दोन पानांना खळ लावली. रागानं नव्हे, मायेनं.

तेव्हापासून माझ्या आत कुणीतरी राहतं. मला मिटून फळीवर ठेवलं की पिवळा झगा हलल्याची सळसळ होते. वारा नसतोच. शेजारची पुस्तकं माझ्यापासून अंग चोरतात. मित्रांनो, फाटलेलं पान जरूर चिकटवा. धड पान मात्र चिकटवू नका. दडवलेलं चित्र मरत नाही, ते आतून दार वाजवत राहतं.

देवघेवीच्या टेबलावरच्या बाईंनी एकदा मला चाचपून पाहिलं. “पानांना लावलीस खळ,” त्या म्हणाल्या, “पोरीच्या डोळ्यांना काय लावशील?” ग्रंथपालबाई हसल्यासारखं करून कपाट आवरायला गेल्या. सांगू, उद्या सांगू, असं करत त्यांचे दिवस सरकत होते.

एक गोष्ट त्यांच्या लक्षातच आली नव्हती. निवडीची आपली रीत त्यांनी ठकीलाही शिकवली होती.

आज ठकीनं मला फळीवरून काढलं, शब्दांवर कागद ठेवला आणि चित्रं वाचू लागली. चिकटलेल्या जागी तिचं बोट थांबलं. ती मागे गेली, पुन्हा पुढे आली.

“मावशी, इथे आई कपडे वाळत घालतेय आणि इथे एकदम बाबा. मधे काय झालं?”

छापायचं राहिलं असेल, असं बाई पुटपुटल्या.

“आमच्याकडे पण आता बाबाच वाळत घालतात,” ठकी म्हणाली. तिनं वर पाहिलं नाही.

माझ्या आतली सळसळ थांबली. बाई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या.

“ठकी,” त्या म्हणाल्या, “आई कामाला गेलेली नाही गं. ती वारली. ती आता परत येणार नाही.”