शेवटच्या डब्यातला माणूस

साळूबाईने फोटो दाराच्या उजेडात तिरका धरला आणि अंगठा इंजिनावरून मागे मागे नेत शेवटच्या डब्यापाशी थांबवला.

"हितं."

"हां, तिथंच," मुरारी म्हणाला. तो अजून पायरीवरच उभा होता. पोलादपूरहून वाडीचा चढ चढून आलेला, पाय धुवायचे राहिलेले. पण आधी फोटो द्यायचा, ही रीतच पडून गेली होती.

"वाळलाय."

"लांबनं काढलाय आये. लांबनं तसंच दिसतं."

पडवीत खांबाला टेकून मुरारीचे चुलते, हैबती काका, बसले होते. त्यांनी फोटो मागून घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"समदी मुंबई बायकापोरांचं फोटू काढती. ह्यो डबं काढतो. अरे, डब्यांचं लगीन लावायचंय का काय?"

"तुमचा काढू काका?"

"माझ्यापरीस डबं बरं. ते ऱ्हाऊ दे. ठमाबाईची भाची हाय, सव गावची. महिपतीला इचार. डोई पिकल्यावर कोन देनार हाय पोरगी? आन बापावरचा राग बाप मेल्यावर बी धरायचा? वैनी, थोरल्याला तुमी तरी चार शब्द सांगून धाडा."

"भावजी, च्या निवतोय," साळूबाई म्हणाली.

महिपतीच्या लग्नाचा विषय निघाला की ती असेच काहीतरी मध्ये घाली. मुरारीला दर खेपेला सुटल्यासारखे वाटे.

फोटो. कर्जतच्या पुढे, घाटाच्या पायथ्याचे वळण. मालगाडी उतरते आहे. बंद डबे, मग कोळशाचे उघडे, मग पुन्हा बंद. मुरारीचा कॅमेरा चोरबाजारातला, डब्यासारखा; पळत्या गाडीची त्यात नुसती पुसट रेघ उमटते. म्हणून घाट. घाटात मालगाडी डोक्यावर भारा घेतलेल्या बाईसारखी उतरते, पाऊल चाचपत.

परळच्या गिरणीला सुट्टी असली की तो रुळांच्या कडेला. माणसांच्या गाड्या त्याला नको असत. खिडक्यांतून कुणी हात केला की तो ओशाळे. मालगाडी कुणाकडे बघत नाही. तिच्याकडे मात्र पोटभर बघता येते. खोलीतले गाववाले म्हणत, पैसे देऊन कोळसा धुऊन आणणारा तू पहिलाच.

थोरला महिपती याच मालगाड्यांवर होता. शेवटच्या डब्यात, ब्रेकवर. विडीवरून बापाशी कडाडून भांडला आणि घर सोडून गेला, तो बाप गेल्यावरही वाडीत आला नाही. स्टुडिओत चल म्हटले तर म्हणे, "मला काय भिंतीला टांगायचंय?" मग मुरारीने त्याला गाडीसकट धरला. वळणावर शेवटचा डबा समोर येई, महिपती कठड्याला धरून उभा राही, आणि आईला तिळाएवढा का होईना, मुलगा मिळे.

फोटो, जो काढला नाही. तेच वळण. आषाढातला पाऊस. शेवटच्या डब्याच्या कठड्यापाशी कुणी नाही. फोटो काढणारा परळला खानावळीत जेवतो आहे.

डब्याच्या ओल्या पायरीवरून महिपतीचा पाय सुटला, एवढेच नंतर कळले.

सगळे उरकून त्या साली मुरारी गणपतीला वाडीत आला, तो सांगायलाच. पण खिशात महिपतीचा एक जुना फोटो राहून गेला होता. आईने तो बोलण्याआधीच काढून घेतला, अंगठा शेवटच्या डब्यावर ठेवला आणि खूप वेळ बघत राहिली. सांगायचे राहिले. शिमग्याला तिने विचारले, नवा आणलास? तेव्हा मुरारी पुन्हा घाटात जाऊ लागला. डब्यात दुसराच कुणी असे. कधी हा, कधी तो. फोटोत तीळ तो तीळच.

तीन वर्षे झाली. खोलीतल्या गाववाल्यांना शपथ घातलेली.

या खेपेला मात्र सांगायचेच होते. रजाही अशी आडवेळी मिळाली, गणपती होऊन गेल्यावर. महाडला गाडी बदलताना त्याने वाक्य जुळवले. वाडीच्या चढावर, आजूबाजूला कुणी नाही असे बघून, ते मोठ्याने म्हणूनही पाहिले. मग दारात आईने हात पुढे केला, आणि त्याने फोटोच काढून दिला.

हैबती काका चहा पिऊन गेले.

मुरारी तांब्या घेऊन मागच्या दारी गेला. वाकता वाकता त्याची नजर वर गेली. मागल्या पडवीच्या कौलांवर केळीचे पान होते. भात, वडा, खीर, भोपळ्याची भाजी. भात वरून सुकत आलेला. पानाच्या कडेला एक विडी ठेवलेली.

पितृपक्षातला बापाचा म्हाळ पंचमीला असे. काकाच घालीत, यंदाचाही होऊन गेला होता. आणि बापाने जन्मात विडीला हात लावला नव्हता.

आज सर्वपित्री अमावस्या होती. ज्यांची तिथी ठाऊक नाही, त्यांचा दिवस.

तांब्या कलता झाला होता. पाणी पायांवर पडायचे ते मातीत पडत होते.

"सकाळधरनं वाट बघतेय," साळूबाई मागे येऊन उभी राहिली होती. "कावळा शिवंना."

"आये..."

"दर साली आवसंलाच घालते. दुसरं काय करू? तिथी ठाव नाय."

मुरारी वळला नाही. "कुनी सांगितलं तुला?"

"तूच."

"मी?"

"त्या गनपतीला डोकी करून आलास. ताप आल्ता म्हनालास. तापात मिशी काढत्यात व्हय रे?"

तो धुण्याच्या पाथरीवर बसला. धुवायचे पाय तसेच. दहाव्याला न्हाव्यापुढे मान खाली घालून बसला होता तेव्हा, महिपतीचे काही चुकायला नको, एवढेच त्याच्या डोक्यात होते.

"मंग फोटू का घेत व्हतीस?"

साळूबाईने जमिनीवरची काडी उचलली, पदराला पुसली आणि पुन्हा टाकली.

"तू यवढ्या लांबनं आनायचास."

कौलांच्या टोकाला एक कावळा येऊन बसला. पानाकडे एकदा बघून उडाला.

"तिथी सांग," ती म्हणाली.

मुरारीला तारीख ठाऊक होती. गिरणीच्या हजेरीवरची, रेल्वेच्या कागदावरची. तिथी कुणी विचारलीच नव्हती. त्याने डोळे मिटले. खानावळीचा लांब बाक. जर्मनची थाळी. निरोप घेऊन आलेला माणूस दारात छत्री मिटत होता, तेव्हा हातात घास होता. कसला घास?

"बांगडा," तो म्हणाला.

"काय?"

"त्या दिशी बांगडा व्हता. आदल्या दिशी एकादस म्हनून वरी न दान्याची आमटी घातली व्हती. पोरं बोंबलत व्हती, म्हनून दुसऱ्या दिशी बांगडा. आषाढ सरत आल्ता."

"काळोखाची बारस," साळूबाई म्हणाली. तिने बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला. "म्हंजी तेरवाच होऊन गेली की रे."

ती कौलांकडे बघत राहिली.

"मंग आज कसा येईल तो."

काठीने तिने पान हळूहळू पुढे ओढले, सांडू न देता खाली घेतले आणि गाईपुढे ठेवले. विडी तेवढी उचलून कोनाड्यात ठेवली.

"ऊठ. पाय धू न जेवून घे."

जेवण झाल्यावर तिने बिस्किटांचा डबा आणून त्याच्यापुढे पालथा केला. फोटो, फोटो, फोटो. सगळ्यांवर शेवटच्या डब्यापाशी अंगठ्याने आलेला मळकट डाग.

"ह्यातलं त्येचं कुठलं, ते येगळं कर."

मुरारी निवडू लागला. जुन्या फोटोंचे कागद पिवळट, ते सोपे होते. एकात महिपतीची मान कलती. ती तो गर्दीतही ओळखला असता. नव्यांचेही कठीण नव्हते. परक्यांचा ढीग वाढत गेला, महिपतीचा लहानच राहिला. साळूबाई लहान ढिगातला प्रत्येक फोटो उचलून कडा जुळवत होती.

एक फोटो हातात राहिला. तो घेऊन मुरारी दाराशी गेला. कोळशाचे डबे स्वच्छ आले होते, एकेक आकडा वाचता येत होता. कठड्यापाशी कुणीतरी उभा होता. कॅमेरा जरा हलला असेल, किंवा तो माणूस हलला असेल. त्याने फोटो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

"ह्यो?" आतून आईने विचारले.

त्याने फोटो पुन्हा उजेडाकडे तिरका केला.

"मुरारी, ह्यो कुनाचा?"

"नाय सांगता येत आये."

ती उठून आली, फोटो त्याच्या हातातून घेतला, पण बघितला नाही. दोन्ही ढीग तिने डब्यात भरले, मध्ये चिंधीची घडी घालून. तो एक फोटो बाहेरच राहिला. तिन्हीसांजेला दिवा लावताना मुरारीने पाहिले, तो अजून तिच्या हातात होता.